खेळाडू मुलांचीही नोंद वेळेवर करा
— ऊस विकास अधिकारी



लागणीची नोंद, पाण्याच्या पाळ्या, खताचे हप्ते, खोडव्याची निगा या विषयांवर या पानातून आपण नेहमी बोलतो. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. गटसभा आटोपली की चहाच्या वेळी कोणी ना कोणी सभासद विचारतोच, "साहेब, पोरगं कबड्डी लई चांगलं खेळतंय. खेळावर कॉलेजात घेतात म्हणतात, ते खरं का? आणि घ्यायचं तर काय करावं लागतं?" हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. म्हणून जी माहिती जमवली ती सर्वांसाठी इथे मांडत आहे.

उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे : घेतात, पण नुसता खेळ बघून घेत नाहीत, खेळाची नोंद बघून घेतात. आपल्याकडे ऊस कितीही पोसलेला असू द्या, गट ऑफिसला लागणीची नोंद नसेल तर तोडीच्या प्रोग्रामात त्याचा नंबर लागत नाही. खेळाडूचेही तसेच आहे. मैदानावर वाघ असलेले पोरगे कागद नसल्यामुळे बारावीनंतर घरी बसलेले आपण गावोगाव पाहतो. त्याच्यापेक्षा डावे खेळणारे, पण कागद नीट ठेवलेले पोरगे पुण्याच्या कॉलेजात जाते. यात नशिबाचा भाग थोडा आणि नोंदीचा जास्त.

कॉलेजला खेळाडू कशाला हवा?

आधी समोरच्याची गरज समजून घेऊ. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. या विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, नाशिक आणि आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) असे तीन जिल्ह्यांचे आहे. महाविद्यालयांचे संघ आधी आपापल्या विभागात खेळतात, नंतर आंतरविभागीय स्पर्धेत. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धाही सुरू झाल्या. त्यातली पहिली भुवनेश्वरला झाली.

या स्पर्धांत आपले नाव वर राहावे असे प्रत्येक महाविद्यालयाला वाटते. देशभरातून खेळात सर्वांत पुढे असणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो. हा करंडक १९५६-५७ पासून आहे आणि अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो अनेकवार नेला आहे. पंजाब-हरियाणाकडची विद्यापीठे चांगल्या खेळाडूला फी माफ करतात, राहण्याजेवणाची सोय करतात, ती याच कारणाने. म्हणजे कॉलेज खेळाडूवर उपकार करत नाही, त्यालाही खेळाडूची गरज असते. मात्र गरज असली तरी त्याला खात्री हवी असते. ती खात्री म्हणजे प्रमाणपत्र, निवड चाचणीतला खेळ आणि बारावीचे गुण. या तिन्हींपैकी एक जरी नसले तरी गाडी अडते.

अकरावी म्हणजे अजून शाळाच

इथे बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो. आपल्याकडे अकरावीला गेले की "पोरगं कॉलेजात गेलं" असे म्हणतात. खेळाच्या हिशेबात अकरावी-बारावी ही शाळाच आहे. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. साधारणपणे आठवीपर्यंतची मुले पहिल्या गटात, नववी-दहावीची दुसऱ्या आणि अकरावी-बारावीची तिसऱ्या गटात बसतात. विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू होतात त्या पदवीच्या पहिल्या वर्षापासून.

याचा अर्थ असा की पदवीचे कॉलेज ज्या कागदावर मुलाला पारखणार, त्यातले सर्वांत वजनदार कागद अकरावी-बारावीतच मिळतात. आणि नेमक्या याच दोन वर्षांत आपण मुलांचे खेळणे बंद करतो. "आता बारावी आहे, खेळ पुरे" असे म्हणतो. हे म्हणजे आडसाली ऊस चौदा महिने सांभाळायचा आणि तोड जवळ आली की पाणी तोडायचे, असे झाले. अभ्यासाला वेळ लागतो हे खरे. पण सकाळचा दीड तास मैदानाला दिला तर बारावी बुडत नाही. संध्याकाळचे दोन-दोन तास मोबाईल पाहण्यात जातात, त्याचे काय?

शालेय स्पर्धेची उतरंड

आता नोंद कशी होते ते पाहू. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी होतात. महसुलाला आपला जिल्हा नाशिक विभागात आहे, पण खेळाला आणि दहावी-बारावीच्या बोर्डाला आपण पुणे विभागात येतो. म्हणजे विभागाच्या पायरीवर आपल्या पोरांची गाठ पुणे, पिंपरी-चिंचवड आणि सोलापूरच्या संघांशी पडते. ही पायरी अवघड आहे हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे. ती ओलांडलेल्या खेळाडूची कॉलेजात किंमत असते ती त्यामुळेच.

या स्पर्धांत मुलगा एकटा नाव देऊ शकत नाही. शाळेला वर्षाच्या सुरुवातीस जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते, प्रवेश फी भरावी लागते आणि खेळाडूंची नावे मुदतीत द्यावी लागतात. ही मुदत पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे आपण आडसालीच्या सऱ्या पाडण्याच्या गडबडीत असतो तेव्हा येते आणि निघून जाते. शाळेने नोंदणीच केली नाही, तर पोरगे कितीही तयार असले तरी ते वर्ष वाया गेले.

फुटबॉलचे तर आणखी लवकर असते. शालेय फुटबॉलची देशातली मानाची स्पर्धा म्हणजे सुब्रोतो कप. हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावाने ती १९६० पासून भरते. मुलांबरोबर मुलींचाही १७ वर्षांखालील गट त्यात आहे. जिल्हा, विभाग, राज्य असे जिंकत गेलेला शाळेचा संघ थेट देशपातळीवर खेळतो. म्हणजे एखाद्या खेड्यातल्या शाळेने अकरा पोरे नीट बांधली, तर निवड समितीच्या मर्जीवर न राहता पूर्ण संघच्या संघ वर जाऊ शकतो. पण त्याचे सामने शाळा उघडल्यावर लगेच सुरू होतात. जूनमध्ये चेंडू बाहेर काढणाऱ्या शाळेला ते साधत नाही, तयारी उन्हाळ्यातच करावी लागते.

शालेय स्पर्धेखेरीज दुसरी वाट खेळाच्या संघटनांची. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल या प्रत्येक खेळाच्या जिल्हा व राज्य संघटना आहेत. त्यांच्या किशोर, कुमार गटांच्या निवड चाचण्या होतात. चाचणीची तारीख कळण्यासाठी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या मंडळाशी किंवा तालमीशी संबंध ठेवावा. संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्यावे.

कोणता कागद चालतो, कोणता नाही

हे जरा कडू वाटेल, पण स्पष्ट लिहितो. गावच्या चषकात मिळालेली ढाल, जत्रेच्या हगाम्यात जिंकलेली कुस्ती, नेत्याच्या वाढदिवसाच्या स्पर्धेतले रोख बक्षीस यांनी घरातले कपाट भरते, अंगात हिंमतही येते. पण प्रवेशाच्या वेळी त्यांचे मूल्य शून्य. तिथे चालते ते शासनाच्या शालेय स्पर्धेचे किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धेचे प्रमाणपत्र. कुस्तीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. हगामा मातीत होतो, पण शालेय आणि विद्यापीठाच्या कुस्त्या गादीवर, वजनगटात आणि गुणांवर होतात. मातीतल्या पोराला वर्षभर आधी गादीची सवय लावली पाहिजे.

कागदाचा उपयोग तीन ठिकाणी होतो.

पहिला, दहावी-बारावीच्या निकालात. पात्र खेळाडूला त्याच्या स्पर्धेच्या पातळीप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे आणि तिथून बोर्डाकडे जातो. शाळेने तो मुदतीत पाठवला की नाही, हे पालकांनी जाऊन विचारले पाहिजे.

दुसरा, प्रवेशात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. त्यात खेळाडूंना समांतर आरक्षणातून संधी आहे. अर्ज भरताना खेळाडू असल्याचा रकाना भरायला विसरू नये. तो कोरा राहिला तर पुढे कोणी विचारत नाही. पदवीच्या प्रवेशाला बरीच महाविद्यालये निवड चाचणी घेऊन खेळाडूंना जागा देतात. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी वेगळ्या जागा आहेत. तिथे केंद्रीय प्रवेश परीक्षाही द्यावी लागते आणि चाचणी व प्रमाणपत्रे दोन्ही बघतात.

तिसरा, नोकरीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. २०१६ च्या शासन निर्णयात त्याचे सुधारित नियम दिले आहेत. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचे यश लागते हे त्यात ठरवून दिले आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट. "पन्नास हजार द्या, राष्ट्रीयचं सर्टिफिकेट आणून देतो" म्हणणारे दलाल फिरत असतात. राज्यात अशी बोगस प्रमाणपत्रे पकडली गेली आहेत. पडताळणीत कागद खोटा निघाला की नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो. वय चोरणे हाही तसलाच प्रकार. मनगटाच्या एक्स-रेवरून वयाचा अंदाज घेतात, तेव्हा दाखल्यावरची खाडाखोड उपयोगी पडत नाही. उसाच्या गाडीत माती-पाचट भरून वजन वाढवल्यासारखे हे आहे. काट्यावर नाही तर गव्हाणीत, पण ते कळतेच.

घरी एक फाईल करा

ज्याच्या घरी सातवी-आठवीचे खेळाडू पोर आहे, त्याने आजच एक फाईल करावी. सात-बारा जपतो तशी जपावी. त्यात हे ठेवावे :

१. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड आणि गुणपत्रके. सर्व कागदांवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. प्रमाणपत्रावर नाव चुकले तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावे. चार वर्षांनी कोणी करून देत नाही.

२. प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र, दोन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो.

३. एका वहीत सामन्यांची नोंद : तारीख, ठिकाण, कोणाविरुद्ध, कोणत्या जागी खेळला, निकाल काय.

४. उंची, वजन आणि धावण्याची वेळ, दर तीन महिन्यांनी. ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव आणि उभ्याने लांब उडी एवढे शाळेच्या मैदानावर सहज मोजता येते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांतही ही मापे घेतात. बारा-तेरा वर्षांच्या आतले पोर चपळ असेल तर या निवासी प्रबोधिनीची आणि लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची चौकशी आधीच करावी, कारण तिथली वयोमर्यादा लवकर संपते.

५. दोन-तीन मिनिटांचे सामन्याचे चित्रण. मोबाईलवर केलेले चालते. मात्र त्यात फक्त चढाई किंवा गोल नको, पकड, बचाव आणि चुकल्यावर परत जागेवर येणे हेही दिसू द्यावे. जाणकार माणूस तेच आधी पाहतो.

आपण होऊन पत्र लिहा

अमेरिकेत कॉलेजचे प्रशिक्षक शाळेच्या मैदानावर जाऊन पोरे हेरतात, असे आपण ऐकतो. ते खरे आहे. पण तिथेही नियम आहे. पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना बहुतेक खेळांत, फुटबॉलमध्येसुद्धा, मुलाचे दहावीचे वर्ष संपल्यावर १५ जून उजाडेपर्यंत त्याच्याशी भरतीची बोलणी करता येत नाहीत. म्हणून तिथली मुले वाट पाहत बसत नाहीत. स्वतःची माहिती, गुण आणि चित्रण आधीच पाठवून ठेवतात. आपल्याकडचा दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१७ साली कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला, २०१८ आणि २०२२ साली तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले.

आपल्या पोरांनी अमेरिकेलाच जावे असे नाही. पण आपण होऊन विचारण्याची रीत उचलण्यासारखी आहे. प्रत्येक महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असतात. बारावीच्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन-चार महाविद्यालयांच्या संचालकांना मुलाने स्वतःच्या हाताने पत्र लिहावे. नमुना असा :

"महोदय, मी इयत्ता बारावीत शिकत असून कबड्डीत उजव्या कोपऱ्यात खेळतो. माझी उंची व वजन, दहावीचे गुण आणि आजवरच्या स्पर्धांची यादी सोबत जोडली आहे. आपल्या महाविद्यालयात पदवीला प्रवेश घेऊन आपल्या संघातून खेळण्याची इच्छा आहे. निवड चाचणी केव्हा असते ते कृपया कळवावे."

एवढे पुरे. आमदारांची चिठ्ठी जोडू नये. पोराला चढाई येते की नाही हे चिठ्ठीवरून कळत नाही.

भेटीला गेल्यावर आपणही चार प्रश्न विचारावेत. वसतिगृह आणि मेसचा खर्च किती? सरावाला प्रशिक्षक रोज असतो की स्पर्धेपुरता? सामन्यामुळे हजेरी किंवा परीक्षा बुडाली तर काय सोय? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणी करायचा? खत घेताना गोणीवरचे आकडे वाचतो, मग पोरगे पाठवताना विचारायला संकोच कशाचा?

पदवी हाच खरा उतारा

आपल्या मातीत खेळाडू कमी नाहीत. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय कबड्डी संघात होता. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली. श्रीगोंदे तालुक्यातल्या भाग्यश्री फंडने २०२५ साली महिला महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. त्यांचा अभिमान धरावा. पण हिशेब करताना हेही मनात ठेवावे की तिथवर हजारांतून एखादा पोहोचतो. गुडघा एकदा गेला की सगळे थांबते. म्हणून खेळाकडे पदवीची वाट म्हणून पाहावे. कॉलेजात गेलेला खेळाडू पुढे पोलिसात, रेल्वेत, शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून किंवा शहाणा शेतकरी म्हणून उभा राहू शकतो. नुसत्या टनेजवर खूश होऊन भागत नाही, उतारा पाहावा लागतो. खेळाचा उतारा म्हणजे पदवी.

मुलींबद्दल दोन शब्द मुद्दाम लिहितो. शालेय कबड्डी-खो-खोत आपल्या भागातल्या मुली मुलांच्या बरोबरीने खेळतात. दहावी झाली की मात्र त्यांचे खेळणे बंद होते. कारणे आपल्याला ठाऊक आहेत : एसटीची वेळ, मैदानावर बाईमाणूस शिक्षक नसणे आणि घरात सुरू झालेली स्थळांची बोलणी. पहिल्या दोन अडचणींना उपाय आहे. चार-पाच पालकांनी मिळून पाळीने ने-आण केली, सरावाला एक आई मैदानावर बसली, तर मुली खेळतात. तिसरे आपल्या हातात आहे. मुलींच्या संघांत खेळाडू कमी पडतात, त्यामुळे बारावीपर्यंत टिकलेल्या मुलीला कॉलेजात जागा मिळण्याचा संभव उलट अधिक असतो. शेजारी छत्रपती संभाजीनगरला भारतीय खेळ प्राधिकरणाचे निवासी केंद्र आहे, तिथलीही चौकशी करावी.

शेवटी एकच विनंती. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून तीन गोष्टी विचारा : यंदा शालेय स्पर्धांची नोंदणी झाली का? माझ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव कोणत्या खेळात, कोणत्या गटात दिले? दहावी-बारावीच्या खेळाडूंचे सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव कोण पाहतो? काही अडले तर नगरला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आहे, ते आपल्यासाठीच आहे. आडसालीची नोंद देताना चिटबॉयला आपण दहा वेळा विचारतो, "तारीख बरोबर टाकली ना?" पोराच्या बाबतीत एकदा तरी विचारा.